आमची वाटचाल : बंद झालेल्या यंत्रांचे सुटे भाग

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मोठ्या कारखान्यांकडून मिळणारे जॉबवर्क एवढेच आमच्यापाशी होते. बुश आणि पिना करता करता हात बसला, परंतु दर नेहमी समोरचा ठरवी आणि मंदी आली की आमचे काम सर्वांत आधी थांबे. आज आमच्या कामाचा मोठा भाग जुन्या शेतीयंत्रांच्या सुट्या भागांचा आहे. या कामाकडे आम्ही वळलो ते काटोलकडील एका संत्राबागायतदाराच्या छोट्या ट्रॅक्टरमुळे.

संत्र्याची झाडे साधारणपणे ६ बाय ६ मीटरवर लावतात आणि ती भरली की मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडल्याशिवाय ओळीतून जात नाही. म्हणून बागेत अरुंद, बुटक्या ट्रॅक्टरला पर्याय नसतो. या ट्रॅक्टरचे मॉडेल केव्हाच बंद झाले होते, गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे गती नेणारा ड्राइव्ह शाफ्ट तुटला होता आणि आंबिया बहाराच्या फवारण्या तोंडावर होत्या.

बागायतदारांनी वेल्डिंग करून देण्याची विनंती केली. ती आम्ही नाकारली. वेल्डच्या कडेपाशी ताण एकवटतो आणि फिरत्या शाफ्टमध्ये पुढची चीर बहुधा तेथूनच निघते. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा स्पष्ट दिसत होत्या. याचा अर्थ शाफ्ट एका धक्क्याने तुटलेला नव्हता. बेअरिंगच्या पायरीपाशी, म्हणजे शाफ्टचा व्यास जेथे बदलतो तेथे, कोपरा काटकोनात कापलेला असल्यामुळे तेथे ताण एकवटून चीर हळूहळू आत सरकत गेली होती. तो शाफ्ट पूर्वी कोणीतरी साध्या एम.एस.च्या (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनच्या मऊ पोलादाच्या) सळईतून बनवलेला होता. त्याचीच हुबेहूब नक्कल केली असती, तर तो दोषही नव्या शाफ्टमध्ये उतरला असता.

म्हणून मापे तुटलेल्या शाफ्टवरून न घेता तो ज्या भागांत बसतो त्यांच्यावरून घेतली. बेअरिंग ६२०५ क्रमांकाचे, म्हणजे भोक २५ मिलिमीटरचे. तेव्हा ते घट्ट बसावे म्हणून शाफ्टची बैठक, म्हणजे बेअरिंग बसते तो भाग, २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटरच्या दरम्यान ग्राइंड करणे आवश्यक होते. झिजलेली बैठक लेथवर बारीक करून तीवर स्लीव्ह (नळीसारखे कवच) चढवण्याची पद्धत सर्रास आहे, परंतु शाफ्टचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि २५ चा व्यास २० वर आणला की ते जवळजवळ निम्मे होते. त्यामुळे अशा फिरत्या शाफ्टसाठी आम्ही ती पद्धत वापरत नाही. पोलाद म्हणून ईएन १९ हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे मिश्रपोलाद निवडले. ते हार्डनिंग आणि टेम्परिंग केलेल्या (तापवून कडक आणि मग चिवट केलेल्या) स्थितीत मिळते, त्यामुळे मशीनिंगनंतर पुन्हा तापवताना शाफ्ट वाकण्याची भीती उरत नाही. ईएन २४ हे निकेलयुक्त पोलाद अधिक चिवट असले तरी एवढ्या बारीक व्यासाला त्याचा वाढीव खर्च आम्हांला योग्य वाटला नाही. सहा दात्यांची स्प्लाइन, म्हणजे कपलिंगमध्ये अडकणारे शाफ्टवरचे लांबट दाते, मिलिंगवर वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडने कापली. हेडचे प्रमाण ४० ला १, म्हणजे हँडलच्या ४० फेऱ्यांत शाफ्ट एकदा फिरतो, असे असल्याने प्रत्येक दात्याला हँडलचे सहा पूर्ण फेरे आणि २४ भोकांच्या वर्तुळावर १६ भोके (आणखी दोन-तृतीयांश फेरा), असा हिशेब होता. पायरीच्या कोपऱ्याला बेअरिंगच्या कडेपेक्षा किंचित कमी गोलाई ठेवली, म्हणजे बेअरिंग पायरीला नीट टेकते आणि ताणही एका रेषेत साठत नाही. या गोलाईला लागणारा वेळ नगण्य आहे, आणि तरीही बाहेरून येणाऱ्या शाफ्टमध्ये ती अनेकदा आढळत नाही, याचे आम्हांला मनापासून वाईट वाटते.

तो ट्रॅक्टर बागेत परत गेल्यावर नरखेड, सावनेर, वरूडकडूनही कामे येऊ लागली. त्यांच्या बळावर आम्ही गोल भाग अचूक मापाला घासणारे स्वतःचे सिलिंड्रिकल ग्राइंडर घेतले आणि बनवलेल्या प्रत्येक भागाचे ड्रॉइंग, पोलादाच्या जातीसह, जपून ठेवू लागलो. तोच भाग पुन्हा लागल्यास यंत्र खोलून आणावे लागत नाही. तुटलेला शाफ्ट आमच्याकडे पाठवताना दोन्ही तुकडे, त्यावरचे बेअरिंग आणि ज्यात स्प्लाइन बसते तो कपलिंगचा भाग सोबत द्यावा, आणि तुटलेली तोंडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून ती वेगवेगळ्या कापडांत गुंडाळावीत.