सावंतवाडी : तळ्यापेक्षा जुने गाव

मुंबईहून मोटारीने गोव्याला निघालेल्या माणसाला पूर्वी सावंतवाडी टाळता येत नसे. महामार्गच गावातून जात असल्यामुळे मोती तलावाचे दर्शन आपोआप घडे, चहासाठी गाडी थांबे आणि निघताना पिशवीत दोन-चार लाकडी खेळणी येत. झाराप ते पत्रादेवी हा बाह्यवळण रस्ता झाल्यापासून बहुतेक वाहने गावाला न शिवताच गोव्यात उतरतात. त्यामुळे आता सावंतवाडीला जो येतो तो मुद्दाम येतो, आणि माझ्या मते गावाच्या दृष्टीने हे फारसे वाईट झालेले नाही.

मुद्दाम येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात मात्र चित्र असते ते तलावाचेच. गावाच्या मध्यभागी पसरलेले पाणी, एका काठाला लाल चिऱ्याचा राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ आणि मागे नरेंद्र डोंगराची हिरवी पाठ, असे हे दृश्य छायाचित्रात इतके चपखल बसते की हे गाव तळ्याच्या काठी वसले असावे, असा कोणाचाही समज व्हावा. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मोती तलाव 1874 सालचा, तर समोरचा राजवाडा तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे 1755 ते 1803 या काळातला. सुंदरवाडी या नावाने ओळखली जाणारी भोसल्यांची ही राजधानी तर त्याहूनही जुनी. तळे झाले तेव्हा संस्थानचा कारभार इंग्रजांच्या हाती जाऊन साडेतीन दशके उलटली होती. 1838 मध्ये त्यांनी तो आपल्याकडे घेतला होता. ज्या पाण्यामुळे आज गाव ओळखले जाते, ते पाणी येथील राजसत्ता नावापुरती उरल्यानंतरचे आहे.

त्या सत्तेचा इतिहास सतत पेचात सापडलेल्या छोट्या राज्याचा आहे. उत्तरेला आणि घाटावर मराठ्यांची सत्ता, दक्षिणेला पोर्तुगीज, समुद्रावर ज्याची आरमारी ताकद त्याचा अंमल, आणि आधी विजापूरकरांशी असलेले नाते. लखम सावंतांनी शिवाजी महाराजांशी तह केला, तो मोडला आणि पुन्हा केला. या धरसोडीबद्दल सावंतांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु नकाशा समोर ठेवला की तिला धोरण म्हणावे की नाइलाज, असा प्रश्न पडतो. तिसऱ्या खेम सावंतांनी जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी विवाह केला आणि त्यामुळे दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला, पण त्याच किताबाने कोल्हापूरकरांशी वैर वाढवले. डिचोली, सत्तरी आणि 1788 मध्ये पेडणे हे प्रांत पोर्तुगिजांकडे गेले. आज सावंतवाडीला विमानाने येणारा प्रवासी उतरतो तो मोपा विमानतळावर, म्हणजे त्याच पेडण्यात. एके काळी तो सावंतवाडीच्याच हद्दीत उतरला असता.

1924 साली राज्याचे पूर्ण अधिकार बापूसाहेब महाराजांना परत मिळाले आणि 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. इतकी छोटी कारकीर्द, तरीही गावात ‘पुण्यश्लोक’ हे विशेषण त्यांच्या नावापासून सुटत नाही. त्यांच्या कारभाराला गांधीजींनी रामराज्य म्हटले होते, ही गोष्ट येथे आजही अभिमानाने सांगितली जाते.

संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. सावंतवाडीचा मला विशेष वाटणारा अध्याय खरे तर त्यानंतर सुरू होतो, आणि तो गंजिफाचा आहे.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पाने. मोगलांकडून आलेल्या मूळ खेळात आठ रंगांची 96 पाने असत. आपल्याकडे त्या साच्यात विष्णूचे दहा अवतार बसवण्यात आले आणि प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने अशी बारा, एकूण 120 पानांची दशावतारी गंजिफा तयार झाली. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणा मोजून पानाची किंमत ओळखायची. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे खेळणाऱ्याला सतत सावध राहावे लागते. दिवसा खेळताना सुरुवात रामाकडून होते, रात्री कृष्णाकडून. पत्त्यांच्या खेळाला वेळेचे हे भान कोणी दिले असेल, या विचारात मी बराच रमलो आहे.

या कलेला येथील दरबाराने आश्रय दिला आणि चितारी मंडळींनी ती जोपासली. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले, आश्रय देणारा दरबार राहिला नाही, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गंजिफा जाणणारे हात जवळजवळ संपले. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी चितारी घराण्यातील एका वृद्ध कलावंताकडून स्वतः ही कला शिकून घेतली, राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली आणि गावातील तरुणांना शिकवले. आश्रयदात्याने कारागिराला बक्षीस देणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आश्रयदात्याने कारागिराचा शिष्य होणे मात्र क्वचित घडते. सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये निवर्तल्या. दरबार हॉलमध्ये बारीक कुंचल्याने पाने रंगवणारे कलाकार आजही पाहायला मिळतात, आणि आता राजवाड्याच्या आवारात हॉटेलही आहे. राजवाड्याचे हॉटेल झाले म्हणून हळहळणारे लोक मला भेटतात. त्या उत्पन्नातून भिंती आणि कार्यशाळा दोन्ही टिकत असतील, तर त्या हळहळीत सामील होण्याचे मला कारण दिसत नाही.

लाकडी खेळण्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना राजाश्रय होता, परंतु त्यांचे खरे गिऱ्हाईक सामान्य घरांत होते. चितारआळीत आजही पाट, पोळपाट-लाटणी, पाळणे, भातुकलीचे संच आणि लाकडी फळे-भाज्या मांडलेल्या असतात. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घ्यायचे, आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचे आणि वर रंग चढवायचा. पेरू, सीताफळ आणि काजूचे बोंड यांचे रंग इतके हुबेहूब असतात की टोपलीतले फळ हातात घेतल्यावरच ते लाकूड असल्याचे लक्षात येते. प्लास्टिकने या धंद्याचे मोठे नुकसान केले हे खरेच, पण अलीकडे या खेळण्यांना आणि गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाल्याने निदान ‘सावंतवाडीचे’ म्हणून दुसरीकडचा माल खपवणाऱ्यांना आडकाठी झाली आहे.

गंजिफातले दहा अवतार येथील लोकांना पोथीतून भेटण्याआधी रंगमंचावर भेटतात. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटके चालतात. त्यांत लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरले की नट आपापले संवाद तिथल्या तिथे रचतात, आणि स्त्रीभूमिका पुरुष करतात. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीत माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेनंतर भरते, तिथे नवस फेडणारे भाविक देवळाभोवती लोटांगणे घालतात. कुडाळकडे जाताना लागणाऱ्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तिलाही सावंतवाडीच्या दरबाराचा आधार होता. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पर्यटकांनी पावसाळ्यात आंबोलीचे धबधबे पाहून परत जाण्याऐवजी जत्रांच्या दिवसांत यावे, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा प्रेक्षक हा त्या नाटकाचाच भाग असतो.

तलावावर सध्या नौकाविहार आहे, संध्याकाळी काठावर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, आणि गणपतीच्या दिवसांत विसर्जनाला सगळे गाव पाण्याशी लोटते. शेजारच्या उद्यानाला आझाद हिंद सेनेतील जनरल जगन्नाथराव भोंसले यांचे नाव आहे. ते याच भागातील तिरोड्याचे. सुशोभीकरणाच्या नव्या योजना अधूनमधून निघत असतात. माझी अपेक्षा त्यांहून साधी आहे. गंजिफाचे संच आज चौकटीत घालून भिंतीवर लावण्यासाठी विकत घेतले जातात, आणि ते खेळता येणारी माणसे फारच थोडी आहेत. तलावाच्या काठी केशवसुत कट्टा आहे, तिथे साहित्याचे कार्यक्रम होतात. त्याच कट्ट्यावर आठवड्यातून एकदा गंजिफा खेळायला शिकवणारा वर्ग भरवता येईल. त्यासाठी नवीन बांधकाम लागणार नाही. एक सतरंजी, 120 पाने आणि नियम समजावून सांगणारा एक जाणकार एवढे पुरे.