ताटीपाशी उभी असलेली मुक्ताई

पंढरपूर, आषाढ शुद्ध दशमी, रात्री

आज वाखरीत मुक्ताईची पालखी पाहिली. दाटीतून पुढे सरकताना शेजारच्या एका आजींनी पदराने डोळे टिपत "पोर भावांना भेटाया आली" एवढेच म्हटले, आणि तेव्हापासून मनात दुसरे काही येत नाही. निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, ज्ञानदेव आळंदीला, सोपानदेव सासवडला आणि मुक्ताई तापीकाठी, अशी ही चार भावंडे चार ठिकाणी विसावली. वर्षातून एकदा, आषाढात, त्यांच्या पादुका पंढरीच्या वेशीवर एकत्र येतात. चौघांत धाकटी तीच, आणि चौघांत सर्वांत लांबून, महिनाभर चालत येते तीही तीच. वाटेत बीडला आजोबा गोविंदपंतांची भेट घेऊन ती पुढे निघते, हे मला फार आवडते.

या घराची वाताहत वडिलांच्या संन्यासापासून सुरू झाली. गुरूंच्या आज्ञेवरून विठ्ठलपंत संसारात परतले, तेव्हा गावाने घर वाळीत टाकले, आणि मुलांना तरी समाजाने पदरात घ्यावे म्हणून आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त पत्करले, असे परंपरा सांगते. १२७९ साली जन्मलेली मुक्ता तेव्हा अगदीच लहान होती.

लहानपणी मला या भावंडांचे चमत्कारच तेवढे ठाऊक होते. कुंभारांनी खापर नाकारले तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवांची ती गुरू झाली. १२९७ साली विजेच्या कडकडाटात ती अंतर्धान पावली. आता मात्र तिचे सामर्थ्य मला झोपडीच्या बंद ताटीपाशी दिसते. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव आत बसले आहेत, आणि बाहेर उभी राहून ही मुलगी ४२ अभंगांतून त्यांना विनवते आहे. आपलाच हात आपल्याला लागला तर त्याचा खेद करू नये, जीभ दातांखाली सापडली म्हणून कोणी बत्तिशी तोडत नाही, असे ती मोठ्या भावाला समजावते, आणि पुन्हा पुन्हा म्हणते, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा."

आमच्या वाड्यात वाटणीनंतर ओसरीच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वडील आणि काका एकमेकांशी बोलत नसत. सणाला पुरणपोळीचे ताट घेऊन पलीकडे मीच जात असे, आणि ताट रिकामे परत जाऊ नये म्हणून काकू त्यात मूठभर साखर घालून देई. साखर सांडू नये, इतकीच काळजी घेत मी परत येई. काकांच्या खोलीचे दार पाच पावलांवर होते, पण तिथे उभे राहून त्यांना हाक मारण्याचे मला एकदाही सुचले नाही. वडील गेले त्या रात्री भिंतीपलीकडून काकांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि आम्ही सगळे अलीकडे तो ऐकत बसलो होतो.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. आज वाखरीहून परतताना चुरमुरे, बत्तासे आणि बुक्का यांच्या दोन पुड्या बांधून घेतल्या. द्वादशीला उपवास सोडला की मी गावाकडची गाडी धरणार आहे.