वेलँड गावचा वेलँड आणि आपले मोठे सर

स्मरणिका कमिटीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला की शाळेच्या आठवणी पाठवा, त्यात मी एका परक्या माणसाला घुसवतोय, चालवून घ्या. मी बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो आणि शेजारच्या गावाचं नाव आहे वेलँड. आधी ते ईस्ट सडबरी होतं, १८३५ मध्ये फ्रान्सिस वेलँड या माणसावरून नाव बदललं.

हा १७९६ चा, न्यूयॉर्कचा. आधी डॉक्टरकी शिकला, मग ती सोडून धर्माकडे वळला, १८२१ ला बॉस्टनच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये पाळक झाला आणि १८२७ ला, म्हणजे जेमतेम तिशीत, थेट प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट! १८५५ पर्यंत खुर्ची सोडली नाही. आल्या आल्या फर्मान काढलं की शिकवणाऱ्यांनी पूर्ण वेळ कॉलेजातच द्यायचा, मुलांच्या खोल्यांवर चक्कर मारायची. मेडिकलचे प्रोफेसर शहरात प्रॅक्टिस करणारे, ते कसले ऐकतात, त्या भानगडीत मेडिकल स्कूलच बंद पडलं. आणि वर्गात पुस्तक उघडायचं नाही, मुलांनी नाही आणि मास्तरांनीही नाही.

हे वाचलं आणि मोठे सरच डोळ्यासमोर आले. भूगोलाच्या तासाला त्यांच्या हातात फक्त खडू असायचा, फळ्यावर एका झटक्यात महाराष्ट्र काढायचे आणि म्हणायचे, "पुस्तक मिट रे, भीमा कुठून निघते ते पुस्तकाला माहितीये, तुला माहितीये का ते सांग." आमची जाम तंतरायची पण नद्या आजही तोंडपाठ आहेत.

आता दुसरी बाजू. १८३१ मध्ये वेलँडने एका बॅप्टिस्ट मासिकात निनावी पत्र छापलं, स्वतःच्या पंधरा महिन्यांच्या मुलाबद्दल. पोराने बापाच्या हातून पावाचा तुकडा घेतला नाही, फेकून दिला, तर याने त्याला खोलीत एकटं ठेवलं, उपाशी, आणि मधूनमधून जाऊन बघायचा की हट्ट मोडला का. दुसऱ्या दिवशी पोर मुकाट्याने खायला लागलं, तरी बापाकडे प्रेमाने येत नाही म्हणून अजून काही तास तसंच! हे सगळं त्याने इतर आईबापांना धडा म्हणून लिहिलं होतं हे विशेष. मेळाव्याला जमलो की आपल्याकडे छडीचं फार कौतुक चालतं, मार खाल्ला म्हणून घडलो वगैरे, मला ते कधीच पटलं नाही. नद्या खडूने शिकलो, छडीने नाही.

पण गंमत बघा, याच कडक माणसाने १८५० च्या रिपोर्टात कॉलेजच्या कारभाऱ्यांना सुनावलं की सगळ्यांना एकच लॅटिन-ग्रीकचा साचा कशाला, ज्याला जे शिकायचंय ते शिकू द्या. देशात रेल्वे येतेय, कारखाने निघतायत, त्या लोकांना उपयोगी पडेल असं शिकवा. त्याआधी राजीनामा देऊन बसला होता, लोकांनी मनधरणी केली तेव्हा नव्या योजनेसाठी सव्वा लाख डॉलर उभे करायला लावले. तो गेल्यावर पुढच्या प्रेसिडेंटने यातलं बरंचसं गुंडाळलं. गुलामगिरीबद्दलही असंच, ती चूक आहे हे पुस्तकात स्पष्ट लिहिलं पण चळवळवाल्यांपासून बरीच वर्षं चार हात लांब राहिला, उघडपणे विरोधात उभा राहिला तो उशिराच.

त्याचं अर्थशास्त्राचं पुस्तक तर जपानला पोचलं. १८६८ मध्ये टोकियोत उएनोची लढाई चालू, तोफांचा आवाज येतोय, आणि फुकुझावा युकिची हे तिथले नामवंत शिक्षणतज्ज्ञ आपल्या शाळेत तेच पुस्तक शिकवत बसलेत. त्या शाळेचीच पुढे केइओ युनिव्हर्सिटी झाली, ती अजून तो दिवस पाळते.

असो, मुद्द्यावर येतो. गावाने आपलं नाव घेतलं म्हणून वेलँडने वाचनालयाला ५०० डॉलर देऊ केले, पण अट घातली की गावानेही तेवढेच जमवायचे. गावाने जमवले, १८५० ला लायब्ररी उघडली. मग प्रश्न आला की पुस्तकांवर कराचा पैसा खर्च करता येतो का, म्हणून १८५१ ला मॅसॅच्युसेट्सने सगळ्या गावांसाठी कायदाच केला. आपल्या वाचनालयाचं छप्पर गेल्या पावसाळ्यात गळत होतं असं ग्रुपवर वाचलं. आमच्या बॅचतर्फे हीच अट ठेवतो, बाकी सगळ्या बॅच मिळून जेवढे जमवतील तेवढेच आम्ही घालू. कमिटीने अकाउंट नंबर ग्रुपवर टाकावा, आणि प्लीज गुड मॉर्निंगच्या मेसेजमध्ये तो हरवू देऊ नका.