तयार पीसी की असेंबल: रॅम महागल्यावर केलेला हिशेब आणि अर्ध्यावर आलेलं काम

निर्णय झाला. सुटे भाग घेऊन मशीन घरीच जोडतोय. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट जागेवर बसलंय, विंडोज टाकून झालंय, ग्राफिक कार्ड मात्र सध्या जुनंच आहे. दोन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून "असेंबल कर" म्हटलं असतं. या वेळी तसं नव्हतं. तयार पीसीचं पारडं काही दिवस खरंच जड होतं, म्हणून हिशेब नीट लिहून ठेवतोय.

जुनं मशीन म्हणजे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४४६० प्रोसेसर, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम मी यावरच पूर्ण खेळलो आणि मजेत खेळलो, त्यामुळे या कार्डाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंट गेमचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही मशीनमधली सुरक्षा मागतं. त्याच ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाने पास्कल पिढीच्या कार्डांसाठी (माझं १०५० टीआय त्यातलंच) नव्या गेमसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर काढणंही थांबवलं. एकाच महिन्यात सगळीकडून दारं बंद झाली.

आपल्या बाजारात पर्याय दोन नसतात, तीन असतात. एक, मोठ्या कंपनीचा ब्रँडेड टॉवर. दोन, दुकानदाराने स्वतः जोडून ठेवलेला किंवा ऑनलाइन विकला जाणारा 'गेमिंग पीसी'. तीन, आपण यादी द्यायची आणि भाग घ्यायचे, मग जोडणी दुकानात होवो की घरी. परदेशी व्हिडिओंमधला वाद पहिल्या आणि तिसऱ्याचा असतो. आपल्याकडे माणूस फसतो तो बहुतेक वेळा दुसऱ्यात. जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ठळक अक्षरांत, आणि खाली नुसतं "१६ जीबी रॅम, ५०० वॉट एसएमपीएस, गेमिंग कॅबिनेट". एसएमपीएस कुणाचा? रॅम एक स्टिक की दोन? वेग किती? एसएसडीचं मॉडेल कुठलं? हे विचारल्यावर उत्तर आलं नाही तर तो सौदा सोडावा, या मतावर मी ठाम आहे.

आता रॅमबद्दल, कारण या वेळचं गणित तिनेच बदललं. २०२५ च्या सुरुवातीला १६ जीबीची डीडीआर५ (आताच्या पिढीची) स्टिक चार-साडेचार हजारांत सहज मिळायची. वर्ष संपता संपता तीच स्टिक तिप्पट भावाने विचारली जाऊ लागली. जगातली बहुतेक डीरॅम (रॅममधल्या मेमरी चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येते, आणि एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत जास्त नफा आहे म्हणून उत्पादन तिकडे वळलंय. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आपल्यातल्या किती जणांची पहिली एसएसडी क्रुशलची होती! ती बातमी वाचून मला मनापासून वाईट वाटलं.

याचा तयार पीसीशी संबंध असा की ब्रँडेड टॉवरवाल्यांकडे जुन्या भावात घेतलेला साठा होता. त्यामुळे ज्या टॉवरकडे आधी मी ढुंकूनही पाहिलं नसतं, तो सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडत होता, वर विंडोजचं लायसन्स आतच. असा जुन्या साठ्यातला टॉवर अजून कुणाच्या नजरेत असेल आणि तातडीची गरज असेल, तर मी त्याला अडवणार नाही. माझा मामेभाऊ सावंतवाडीला असतो, त्याने ब्रँडेडच घेतला आणि त्याच्यासाठी तेच योग्य आहे. भाग बिघडला तर कुरिअर करायचा, सर्व्हिस सेंटरच्या मागे लागायचं, तोवर मशीन बंद, हे त्याला परवडणारं नाही. त्याला घरी येणारा माणूस हवा होता.

मग मी का नाही घेतला? टॉवरचं साइड पॅनल उघडलेले फोटो पाहिले म्हणून. काही ब्रँडेड टॉवरमध्ये बोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, प्लगही वेगळे. तीन वर्षांनी बोर्ड गेला तर बाजारातला बोर्ड त्यात बसत नाही. एसएमपीएस जेमतेम असतो, म्हणजे पुढे मोठं कार्ड टाकायचं तर वाट बंद. रॅम बरेचदा एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनल (दोन स्टिकपेक्षा मेमरीचा वेग कमी), आणि खेळताना फ्रेम रेटला त्याचा फटका बसतोच. वॉरंटीही साधारणपणे एक वर्षाची, पुढची पैसे मोजून. सुट्या भागांत प्रोसेसर, बोर्ड, कार्ड यांना बहुतेक तीन वर्षं मिळतात, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा जास्त.

पण माझ्यासाठी निर्णायक ठरलं ते वेगळंच. टॉवर अर्धा विकत घेता येत नाही. त्यातलं आठ जीबीचं कार्ड मला नको असलं तरी त्याचे पैसे आजच द्यायचे. ईएमआय मिळतो हे खरं, पण नको असलेल्या वस्तूचाही ईएमआयच तो. सुटं घेतलं की हप्ते मीच पाडतो: जे महागत चाललंय आणि रोज लागणार आहे ते आधी, कार्ड नंतर. तोवर १०५० टीआय नव्या बोर्डात लावायचं. त्याला वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही, ७५ वॉट स्लॉटमधूनच घेतं.

यादी शेवटी अशी ठरली: रायझेन ५ ७६००, बी६५० बोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० स्टिक, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) एसएमपीएस, पुढून जाळीचं कॅबिनेट. रॅमवर एवढा खर्च का, हे मला तिघा-चौघांनी विचारलं. आता एक १६ ची स्टिक घेऊन पुढे दुसरी टाकता येते, पण वेगळ्या लॉटच्या दोन स्टिक एक्स्पो प्रोफाइलवर (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) एकत्र चालतीलच याची हमी नाही. आणि ८-८ च्या डीडीआर५ स्टिकवर मेमरी चिप कमी असतात, त्या थोड्या मागे पडतात. म्हणून जोडी एकदाच घेतली. रायझेन ५ ७५००एफ टाळला, कारण त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स (प्रोसेसरमध्येच असलेलं) नाही आणि कार्डाशिवाय मशीन तपासता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एएम५ ला (या रायझेनच्या सॉकेटला, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला) २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे उद्या प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड तोच. ज्यांच्या घरी चांगली डीडीआर४ पडून आहे त्यांनी मात्र एएम५ चा मोह सोडून रायझेन ५ ५६०० आणि साधा बी४५० किंवा बी५५० बोर्ड बघावा. रॅमचे पैसे वाचतात, तेच कार्डात घाला.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर केली. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. ऑनलाइन भाव सोबत ठेवलेच होते, पण तिथे वस्तू हातात घेऊन सील बघता येतं. एका काउंटरवर कोटेशनमध्ये एसएमपीएसचं नाव नव्हतं, म्हणून विचारलं. "दादा, पाचशे वॉटचा टाकतो, बिनधास्त चालेल. आत कोण बघतंय?" तिथून पुढच्या दुकानात गेलो. आत मीच बघणार आहे ना! आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, बोर्डालाही सोबत नेतो. शेवटी जिथे घेतलं तिथे पक्कं बिल, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटीच्या वेळी त्या नंबराशिवाय कुणी दाद देत नाही.

जोडणीतला मला सगळ्यात आवडलेला भाग सॉकेटचा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरवर नाहीत, बोर्डावर आहेत, १७१८ बारीक, तिरक्या, एका दिशेने झुकलेल्या. काळं प्लॅस्टिकचं झाकण आधी काढायचं नाही. लिव्हर सोडायची, फ्रेम वर घ्यायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. मग फ्रेम खाली आणि लिव्हर ओढून अडकवायची. जोर बराच लागतो, करकर आवाजही येतो, आणि त्याच वेळी झाकण टक् करून आपोआप वर उडतं. ते झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना लागतं. सोबतच्या व्रेथ स्टेल्थ कूलरसाठी बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन्ही ब्रॅकेट काढावे लागतात. स्क्रू कोपरे आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

कॅबिनेटमध्ये टाकण्याआधी सगळं बोर्डाच्या खोक्यावरच ठेवून चालू केलं. पंखा फिरला, बोर्डावरचा डीरॅमचा पिवळा दिवा लागला आणि स्क्रीन काळीच. पहिल्यांदा एएम५ जोडणाऱ्यांनी इथे हात लावू नये. मेमरी ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असतं, त्याला काही मिनिटं लागतात. थांबलो, डिस्प्ले आला. एक्स्पो चालू केल्यावर पुन्हा तेवढंच थांबावं लागलं. हे एक्स्पो तयार पीसी घेणाऱ्यांनीही बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तपासावं. पैसे ६००० च्या रॅमचे दिलेले असतात आणि ती ४८०० वर चालत असते.

तापमान हा माझ्या काळजीचा विषय. परदेशी चाचण्या एसीच्या खोलीत होतात. इथे पंख्याखाली खोली ३१ अंशांवर होती. सिनेबेंच या चाचणीत प्रोसेसर ८८ वर जाऊन टेकला. एएमडीची मर्यादा ९५ ची आहे, त्यामुळे धोका नाही, पण आवाज खूप. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणारं सेटिंग) उणे २० केल्यावर ८१ वर आला, गुण किंचित वाढलेच. तरी मे महिन्याआधी टॉवर कूलर घेणार. समोर काच असलेली कॅबिनेट दिसायला कितीही सुंदर असली तरी आपल्या हवेत मला पटत नाहीत. जाळीतून धूळ येते, ती महिन्याला ब्रशने काढता येते.

राहिलं कार्ड. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय, दोन्ही १६ जीबीचीच बघतोय. आठ जीबीवर नव्या गेममध्ये १०८०पी लाही टेक्श्चर कमी करावे लागतात, आणि हे कार्ड मला पाच वर्षं वापरायचंय. डीएलएसएस ४ (एआयच्या मदतीने फ्रेम रेट वाढवणारं तंत्र) जास्त गेममध्ये मिळतं हा एनव्हिडियाचा मोठा फायदा. पण भावात फरक राहिला तर माझा कल ९०६० एक्सटीकडे आहे. मेमरीची टंचाई कार्डांपर्यंत पोचायला लागली आहे, त्यामुळे सहा महिने थांबायचा बेत आता सोडून दिलाय. पुढचा पगार झाला की कार्ड घेतो. कुणाकडे ९०६० एक्सटी बिनएसीच्या खोलीत चालत असेल तर उन्हाळ्यातले हॉटस्पॉटचे (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचे) आकडे आणि कार्ड कुठल्या कंपनीचं, दोन पंख्यांचं की तीन, एवढं जरूर कळवा. माझ्या कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्यामागे जागा कमी आहे, तीन पंख्यांचं कार्ड घ्यायचं तर आधी टेप घेऊन मोजावं लागेल.