दानींच्या सुनेचं एक वाक्य

व्हिक्टोरिया सरोवरातलं म्फांगानो हे केनियाचं बेट. इथले आबासुबा लोक मूळचे ओलुसुबा बोलणारे. ही भाषा बांटू कुळातली; भोवताली सगळी लुओ लोकांची धोलुओ, नाइलोटिक कुळातली. लुओ मुली सुना होऊन आल्या, मुलांनी आईची भाषा उचलली. शाळेत सुरुवातीच्या इयत्ता परिसराच्या भाषेत शिकवायचं सरकारी धोरण आहे, पण परिसराची भाषा म्हणून वर्गात आली तीही धोलुओच.

मी इथे ओलुसुबाचं ध्वनिमुद्रण करतो. पत्र्यावर पावसाची सर आली की तासाभराचं बोलणं वाया. सरोवरावरच्या वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी चढवायची, कोंबड्या हाकलायच्या. मग मिनिटभराचं बोलणं तुकडे पाडून, कुठला स्वर लांब, कुठला आखूड ते पुन्हापुन्हा ऐकून लिहायला तासभर सहज जातो. हे काम मी जीव लावून करतो.

त्या दिवशी एक आजी शेजारणीला नवऱ्याच्या मासेमारीची गोष्ट सांगत होत्या. त्यांना सगळे दानी म्हणतात. सून ओमेना, म्हणजे सरोवरातली बारीक मासळी, वाळत घालून आत आली, तशा दोघी वाक्य अर्धवट सोडून धोलुओवर गेल्या. सहकाऱ्याने सुनेला बाहेर थांबायला सांगितलं. आमच्या कार्यालयाला भाषेचा नमुना ‘शुद्ध’ हवा असतो ना! दानींनी कॉलरचा माइक काढून मांडीवर ठेवला. “ती बाहेर, तर मीही बाहेर.”

मी सुनेला बसवून घेतलं. दानींनी माइक पुन्हा लावू दिला आणि गोष्ट ओलुसुबातच पुढे नेली. गमतीची जागा यायच्या आतच सून हसली आणि पुढचं वाक्य तिनेच बोलून टाकलं, तेही ओलुसुबात, कुठेही न अडखळता. शेजारीण बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्याशी कुणी या भाषेत बोललं नव्हतं. तिला येत नाही, असं सगळे धरूनच चालले होते.

कार्यालयाने त्या फाइलवर शेरा मारला, ‘मिश्र, दुय्यम’. मला याचा संताप येतो. माझ्या लेखी या फेरीतलं सगळ्यात मोलाचं मुद्रण तेच आहे. आमच्या प्रश्नावलीत ‘बोलता येते का?’ असतं, ‘कळते का?’ नसतं. घरातली लेकरं वाढवणारी ही बाई त्यामुळे आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुढच्या फेरीला दानींच्या घरासाठी मी आणखी एक माइक मागितला आहे, सुनेसाठी. मंजुरी अजून आलेली नाही.