लाचेची बातमी आणि तिचा आधार

आज सकाळपासून आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तलाठ्याला लोकायुक्तांनी लाच घेताना पकडल्याची बातमी फिरत होती. तिच्यात ना तालुका होता, ना तारीख, आणि सोबतच्या फोटोतील फलक तर तेलुगू लिपीत होता. बेळगावात राहणाऱ्या माणसाला कन्नड आणि तेलुगूतला फरक नजरेने कळायला हरकत नाही, पण 'बरं झालं' लिहिण्याची घाई सर्वांनाच होती.

खऱ्या सापळ्याच्या बातमीत तपासता येण्याजोगे काही असते. नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावलेली असते, त्या घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होते आणि हे सारे पंचांसमक्ष नोंदवले जाते. शिवाय संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. आपल्याकडे एफआयआर कन्नडमध्ये असतो. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावा, त्यात कमीपणा कसला?

गंमत म्हणजे त्याच मजकुरात खाली कारवाई एसीबीने, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने, केल्याचे लिहिले होते. कर्नाटकात २०१६ साली स्थापन झालेला तो विभाग उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्येच रद्द केला आणि तपासाचे अधिकार लोकायुक्त पोलिसांकडे परत गेले. हे ग्रुपवर लिहिले, तेव्हा एका काकांनी "सगळीकडे असेच चालते" असे उत्तर दिले. चालत असेलही, पण म्हणून कुठल्याही तलाठ्याचा फोटो चालतो, हे मला पटत नाही.