कोऑर्डिनेशन कंपाउंड्सची रिव्हिजन मी कशी केली : माझा अनुभव

बारावीच्या केमिस्ट्रीत नववा धडा कोऑर्डिनेशन कंपाउंड्सचा (मधोमध एक मेटल आणि त्याला धरून बसलेले रेणू किंवा आयन, त्यांना लिगँड म्हणतात), आणि आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी तो सरळ ऑप्शनला टाकला होता, पाठांतर लई आहे म्हणून. मला तो सोडायचा नव्हता. एक तर बोर्डानंतर सीईटी होती, तिथे ऑप्शन वगैरे काही नसतं, आणि दुसरं म्हणजे मला हा धडा मनापासून आवडतो. ज्यांची परीक्षा जवळ आलीय त्यांच्यासाठी लिहितेय, थोडं लांब होईल.

मी पिंपळगाव बसवंतकडची, बारावीला नाशकात गंगापूर रोडला मैत्रिणींसोबत रूम करून राहायचे आणि दिवसभर जवळच्या अभ्यासिकेत. प्रिलिम झाली, सबमिशन उरकलं आणि मग रिव्हिजन हातात घेतली. तर पहिली गोष्ट ही की हा धडा पुस्तकाच्या क्रमाने रिव्हाइज करायचाच नाही असं मी ठरवलं. पुस्तकात आधी लिगँड, मग नावं, मग आयसोमेरिझम (घटक तेच, मांडणी वेगळी), मग बाँडिंग असं येतं, पहिल्यांदा शिकताना ते ठीकच आहे, पण रिव्हिजनला तसं वाचत गेलं की प्रत्येक टॉपिक वेगळा वाटतो आणि चौथ्या टॉपिकला पोचेपर्यंत पहिला गेलेला असतो. मी कंपाउंड धरलं. मोजकीच कंपाउंड्स निवडली, एका कंपाउंडला एक कोरा कागद, आणि त्या एकाच कंपाउंडला अख्ख्या धड्यातून फिरवून आणायचं, म्हणजे चार्ज, डी मधले इलेक्ट्रॉन, कोऑर्डिनेशन नंबर (मेटलला किती जागी धरलंय), नाव, ईएएन (मेटलभोवतीचे एकूण इलेक्ट्रॉन), हायब्रिडायझेशन (कुठली ऑर्बिटल मिसळतात), आकार, मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकपणाचं माप), आयसोमर, सगळं त्याच कागदावर.

उदाहरण देते. कोबाल्टभोवती सहा अमोनिया, ब्रॅकेटच्या बाहेर तीन क्लोराईड. अमोनियावर चार्ज नाही, बाहेर तीन मायनस, म्हणजे कोबाल्ट प्लस थ्री. नाव हेक्साअमाइनकोबाल्ट थ्री क्लोराईड. (अमाइनच्या स्पेलिंगमध्ये इथे दोन एम येतात, लक्ष ठेवा.) कोबाल्टचा ॲटॉमिक नंबर २७, त्यातले ३ गेले, सहा अमोनियाचे १२ आले, ईएएन ३६, म्हणजे क्रिप्टॉनइतका. तीन गेल्यावर थ्रीडी मध्ये सहा इलेक्ट्रॉन उरतात, अमोनियासमोर ते सहाच्या सहा जोड्या करून तीन खोल्यांत, म्हणजे ऑर्बिटलमध्ये, बसतात, उरलेल्या दोन डी, एक एस आणि तीन पी, म्हणून डी टू एस पी थ्री, ऑक्टाहेड्रल (सहा टोकांचा आकार), अनपेअर्ड म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन एकही नाही, डायमॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढलं जात नाही). झाला कागद.

आता लगेच त्याच्या शेजारी दुसरा कागद, कोबाल्ट तोच, प्लस थ्रीच, पण भोवती सहा फ्लोराईड. इथे फ्लोराईड वीक लिगँड, इलेक्ट्रॉन जोड्या करायला भाग पडत नाहीत, एक जोडी आणि चार एकटे, थ्रीडी मध्ये जागाच नाही म्हणून बाहेरचं फोरडी वापरायचं, एस पी थ्री डी टू. आकार ऑक्टाहेड्रलच पण पॅरामॅग्नेटिक (चुंबकाकडे ओढलं जातं), चार अनपेअर्ड, अनपेअर्डची संख्या गुणिले त्याहून दोन जास्त, म्हणजे चार गुणिले सहा, म्हणजे चोवीसचं वर्गमूळ, मोमेंट ४.९० बोर मॅग्नेटॉन. हे दोन कागद शेजारी ठेवून बघितले की हाय स्पिन (एकटे जास्त), लो स्पिन (जोड्या जास्त), इनर ऑर्बिटल (आतलं डी), आउटर ऑर्बिटल (बाहेरचं डी) हे चार वेगळे शब्द राहतच नाहीत, एकाच प्रश्नाची उत्तरं होतात: समोरच्या लिगँडमध्ये इलेक्ट्रॉनची जोडी लावायची ताकद आहे का. क्रिस्टल फील्ड थिअरीत पण हाच प्रश्न आहे, फक्त तिथे टी टू जी (खालची डी ऑर्बिटल) आणि ई जी (वरची) मधलं अंतर म्हणतात, ते अंतर मोठं असेल तर इलेक्ट्रॉन वर चढत नाही, खालीच जोडी करतो. स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज (लिगँडची कमी ताकदीपासून जास्त ताकदीपर्यंतची यादी) मात्र पाठच करावी लागते, त्याला पर्याय नाही, आयोडाईडपासून कार्बन मोनॉक्साईडपर्यंत मी भिंतीला लावून ठेवली होती.

वर्नरवर (ह्या कंपाउंड्सची थिअरी मांडणारा केमिस्ट) मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि क्लासमध्ये सगळ्यात कमी वेळ त्यालाच देतात. दोन पॉस्च्युलेट लिहून घ्या, पुढे चला. पण बघा ना, आल्फ्रेड वर्नरने थिअरी मांडली १८९३ मध्ये, इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. म्हणजे आपण वर जे डी ऑर्बिटल आणि जोड्या वगैरे केलं त्यातलं काहीएक त्याच्याकडे नव्हतं आणि तरी त्याने आकार बरोबर सांगितला, वय २६! कसा, तर मोजून. कोबाल्ट क्लोराईड आणि अमोनियाची कंपाउंड्स, पिवळं, जांभळं, हिरवं. पिवळ्यात सहा अमोनिया, सिल्व्हर नायट्रेट टाकलं की तीन मोल सिल्व्हर क्लोराईड खाली बसतं. जांभळ्यात पाच अमोनिया, दोन मोल. हिरव्यात चार, एकच मोल. मग उरलेले क्लोराईड कुठे गेले? ते मेटलला धरून बसलेत, सुटून यायला तयार नाहीत. अमोनिया एक कमी झाला की एक क्लोराईड आत जातो, आतली बेरीज कायम सहा. प्रायमरी व्हॅलन्स (मेटलचा चार्ज, इथे तीन) आणि सेकंडरी व्हॅलन्स (आतली बेरीज, इथे सहा) म्हणजे एवढंच, आणि हे एकदा कळलं की परीक्षेत कुठलाही फॉर्म्युला देऊन किती मोल प्रेसिपिटेट असं विचारलं तरी ब्रॅकेटच्या बाहेर किती क्लोराईड आहेत एवढंच बघायचं.

पुढचं तर त्याहून भारी आहे, आणि ते मी द्राक्षांवर केलं. जानेवारीत घरी गेले होते, आमच्याकडे थॉमसनची बाग आणि थोडी काळी जम्बो, काढणी चालू होती. शेडमध्ये बसून बटाट्याच्या फोडीला टूथपिक लावले, टूथपिकच्या टोकाला चार हिरवी द्राक्षं आणि दोन काळी, म्हणजे चार अमोनिया आणि दोन क्लोराईड. सहा टोकं तीन पद्धतीने मांडता येतात, सपाट षटकोनात, प्रिझमसारखी, किंवा ऑक्टाहेड्रल. सपाट षटकोनात काळी द्राक्षं शेजारी, एक सोडून एक, किंवा समोरासमोर, तीन प्रकार. प्रिझममध्ये पण तीनच निघतात, फिरवून फिरवून बघितलं. ऑक्टाहेड्रलमध्ये मात्र दोनच, शेजारी नाहीतर समोरासमोर, सिस आणि ट्रान्स, तिसरा बनवूनच दाखवा. आणि वर्नरकडे चार अमोनियाच्या कंपाउंडचे दोनच प्रकार होते, ट्रान्स हिरवं आणि सिस व्हायोलेट, तिसरं कुणालाच मिळालं नाही. म्हणून ऑक्टाहेड्रल! पण तिसरं मिळालं नाही म्हणजे ते नसतंच असं नाही ना होत, म्हणून पुढे १९११ मध्ये त्याने कोबाल्टच्या कंपाउंडचे ऑप्टिकल आयसोमर (एकमेकांची आरशातली प्रतिमा, पण न जुळणारी) वेगळे करून दाखवले, मग कुणाला बोलायला जागा राहिली नाही, आणि १९१३ चं नोबेल त्याला मिळालं. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं. ज्या गोष्टीसाठी आपण वैतागतो की किती आयसोमर लक्षात ठेवायचे, त्याच मोजणीवर हा अख्खा विषय उभा आहे.

त्याच मॉडेलवर पुढचं सगळं केलं. तीन हिरवी तीन काळी घेतली की फॅक (तिन्ही काळी एका तोंडावर) आणि मेर (तिन्ही मधोमधच्या एका वर्तुळावर). इथिलिनडायअमीनसाठी (दोन जागी धरणारा लिगँड) दोन द्राक्षं तारेने जोडायची आणि घरातला आरसा समोर धरायचा, दोन तारा आणि दोन काळी असं ट्रान्स केलं तर आरशातलं आणि हातातलं एकच, सिस केलं तर कसंही फिरवा जुळत नाही, म्हणजे ऑप्टिकली ॲक्टिव्ह. मम्मी म्हणाली, "अगं, खायची ना ती, काय टोचत बसलीस," पण नंतर तीच आरसा धरून बसली होती.

आणि तिथेच मला ईडीटीए, एकटाच अनेक जागी धरणारा लिगँड, भेटलं. शेडच्या कोपऱ्यात खतांच्या रिकाम्या पिशव्या असतात, त्यातल्या एकीवर चिलेटेड आयर्न, ईडीटीए, १२ टक्के असं लिहिलेलं. मी विचारलं, "पप्पा, साधं फेरस सल्फेट स्वस्त पडतं ना, मग हे का आणता तुम्ही?" तर ते म्हणाले, "आपली जमीन चुनखडीची आहे बाळा, साधं फेरस टाकलं की जमिनीतच बसतं, वेलीला लागत नाही, मग पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चिलेटेड विरघळलेलं राहतं. लईच चुनखडी असली तर हे पण टिकत नाही, मग ईडीडीएचए आणावं लागतं." चिलेट (एकाच लिगँडने मेटलला अनेक जागी धरणं), स्टॅबिलिटी, हेक्साडेंटेट (सहा जागी धरणारा), सगळं पप्पांनी दोन वाक्यात सांगून टाकलं. ईडीटीए एकटंच सहा ठिकाणी धरतं, दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन, म्हणून मेटल सहज सुटत नाही आणि चुनखडीत हायड्रॉक्साईड होऊन खाली बसत नाही. मग मी विचार करत बसले की क्लोरोफिलमध्ये तर मॅग्नेशियम असतं, लोखंड नाही, मग लोखंड कमी पडलं की पान पिवळं का? दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांना विचारलं, ते म्हणाले क्लोरोफिल तयार होण्याच्या क्रियेत लोखंड लागतं, तयार क्लोरोफिलमध्ये ते नसतं. उपयोगांच्या प्रश्नात हिमोग्लोबिनचं लोखंड, बी ट्वेल्व्हचं कोबाल्ट, क्लोरोफिलचं मॅग्नेशियम हे तीन मी त्यानंतर परत वाचले नाहीत, गरजच पडली नाही.

बोर्डोसाठी (द्राक्षांवर फवारायचं बुरशीनाशक) घरात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, असतंच, त्याचाही एक कागद केला. निळ्या खड्यात तांब्याला चार पाणी धरून असतात, पाचवं सल्फेटकडे. तापवलं की पांढरं होतं, पाणी गेलं की रंग गेला. प्रॅक्टिकलला त्याच्या द्रावणात अमोनिया टाकत गेलं की आधी फिकट साका येतो आणि जास्त टाकला की गडद निळं होतं, ते टेट्राअमाइनकॉपर. आणि तुरटी हा डबल सॉल्टचा (दोन सॉल्ट मिळून झालेला) कागद, पाण्यात टाकली की सगळे आयन सुटे, कॉम्प्लेक्स तसं सुटत नाही, दोन मार्कांचा फरक इथेच होतो.

नावांबद्दल एकच सांगते. जुन्या गाईडमध्ये क्लोरो, सायनो असतं, आयुपॅकच्या (केमिस्ट्रीतली नावं ठरवणारी संस्था) २००५ च्या नियमांत क्लोरिडो, सायनिडो. कुठलं तरी एक धरा, तुमच्या पुस्तकात आहे तेच, आणि मिसळू नका. लिगँड अल्फाबेटिकल लावताना डाय, ट्राय सोडून द्यायचं, आणि कॉम्प्लेक्स निगेटिव्ह असेल तर मेटलच्या शेवटी एट, फेरेट, क्युप्रेट, अर्जेंटेट. रोज जेवणाआधी पाच नावं, बास.

पेपर ७० मार्कांचा, तीन तासांचा. या धड्यातून जे आलं ते माझ्या कागदांवर जसंच्या तसं नव्हतं, पण सुरुवात प्रत्येक वेळी तीच, चार्ज काढा, डी मधले मोजा. सीईटीला तर फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, तिथे थिअरी आठवायला वेळ नसतो, हात चालावा लागतो, आणि कागदांमुळे हात बसला होता.

आता ते कागद माझ्या मावसभावाकडे गेलेत, तो यंदा बारावीला आहे, ओझरला असतो. त्याने फोन करून विचारलं, "ताई, सुरुवात कुठून करू?" मी त्याला कोबाल्टऐवजी निकेलची जोडी आधी घ्यायला सांगितली. निकेल प्लस टू, डी मध्ये आठ, भोवती चार सायनाईड असले तर डी एस पी टू, स्क्वेअर प्लेनर (सपाट चौकोन), डायमॅग्नेटिक, आणि चार क्लोराईड असले तर एस पी थ्री, टेट्राहेड्रल (चार टोकांचा, सपाट नाही), दोन अनपेअर्ड, मोमेंट २.८३. कोबाल्टच्या जोडीत आकार तोच राहतो, इथे लिगँड बदलला की आकारसुद्धा बदलतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी लिगँडचा जोर दिसतो. त्यानंतर लोखंडाची घे म्हटलं, फेरोसायनाईडचा (लोखंड प्लस टू) ईएएन ३६ आणि फेरीसायनाईडचा (प्लस थ्री) ३५, आणि मग रात्री फोन कर, बघू किती जमलं.